अर्थिंगचा खड्डा

"तिला निसतं इंग्लिश येतंय, आई. वायरीतलं तिला काय कळतंय?"

मी जिन्यात होते, हातात ओल्या कपड्यांची बादली. खाली आमच्या आणि मोठ्या आईच्या घराच्या सामाईक अंगणात माझा चुलत भाऊ एका उंच लाकडी पेटीच्या पाठीत डोकं घालून बसला होता. मोठी आई, म्हणजे त्याची आई, समोर शेंगा सोलत होती. वायरी जोडायचा कागद इंग्रजीत हाय तर पोरीला विचार की, एवढंच ती म्हणाली होती.

"कागद मला वाचता येतोय," दादा म्हणाला. "आन् मॅडमला विचारलं की लेक्चर सुरू. काम व्हायचं न्हाई."

मी आयुष्यात कुणाला लेक्चर दिलेलं नाही. घरात पाहुणे आले की पाण्याचा तांब्या ठेवून आत जाते. पण रोज व्हॅननं सेलूच्या इंग्लिश मीडियम शाळेत गेले म्हणून दादासाठी मी कायमची मॅडम.

ती पेटी म्हणजे जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं मशीन. परभणीतलं एक पार्लर कधीच बंद पडलं होतं, तिथून दादानं ती टेम्पोत घालून वालूरला आणली. समोर खेळायचा दांडा, लाल-पिवळी बटणं. आतला जुना पडदा गेलेला होता, तिथं त्यानं टीव्ही बसवला. आता टीव्हीवर गेम दिसायला आत कन्सोल, म्हणजे गेम चालवणारा डबा, लागणार होता. तो कन्सोल माझा होता.

दोन वर्षं गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन मी तो घेतला होता. संध्याकाळी तासभर दार लावून खेळायचे. त्या तासात मला कुणी "बोल की गं" म्हणत नसे. प्रॅक्टिकल देऊन परभणीहून परत आले त्या दिवशी टीव्हीखालच्या फळीवर धूळ होती आणि धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

"दादा घेऊन गेला," पप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "घरातच हाय ना."

दादा रस्त्याकडच्या खोलीत गेमचं दुकान काढत होता. रविवारी उद्घाटन. पेटीच्या मागच्या फळीला त्यानं लोखंडी पट्टी ठोकली होती, कुलूप लावायला. एकदा कुलूप लागलं की कन्सोल मशीनचा होणार आणि मशीन दुकानाचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

एकदा मी धीर करून त्याच्यापाशी गेले. "दादा, माझा कन्सोल..."

"तुझाच हाय की. मी काय खायलोय का त्याला?" मग हसून, "बरं, एकोणऐंशी म्हणजे किती गं?"

हा प्रश्न मी सहा वर्षांची असल्यापासूनचा. लग्नात, बारशात, चार माणसं जमली की दादा मला मधे उभं करायचा. एकोणपन्नास म्हणजे किती? एकोणऐंशी? शाळेत सगळे आकडे इंग्रजीत असल्यानं मी गोंधळायचे, एटी नाइन म्हणायचे, आणि सगळे हसायचे. पप्पाही हसायचे. पुढे आकडे पाठ झाले, पण तोवर मी उत्तर द्यायचंच सोडलं होतं. आताही दिलं नाही. घरात येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडून घेतलं.

तो जेवायला गेला तेव्हा मी तो कागद वाचला. जुन्या पेटीची बटणं कन्सोलला कळावीत म्हणून मधे एक छोटं बोर्ड लागतं, त्याच्यासोबत आलेला कागद. प्रत्येक बटणाला दोन वायरी. एक बोर्डावरच्या आपापल्या नंबरला जाते. उरलेल्या सगळ्या एकत्र करून ग्राउंडला जोडायच्या. ग्राउंड म्हणजे त्याच बोर्डावरचा शेवटचा स्क्रू. शेजारी बारीक अक्षरात जी, एन, डी छापलेलं.

दादा वायरमन आहे, आणि हाताचा चांगला आहे हे मला मान्य करावंच लागेल. वालूरमधल्या कितीतरी घरांचे स्विचबोर्ड त्यानं बसवलेत आणि एकही तिरका नाही. नंबराच्या वायरी त्यानं अचूक लावल्या होत्या. शेवटचा स्क्रू मात्र मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळीचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर दादा अंगणात, लिंबाच्या झाडापासून थोडा दूर, खड्डा खणत होता.

"हे काय रे?" मोठ्या आईनं विचारलं.

"अर्थिंग. कागदात ग्राउंड मागितलंय. ग्राउंड म्हणजे जमीन, आई. एवढं इंग्लिश आमालाबी येतंय."

हे शेवटचं वाक्य आमच्या खिडकीकडे बघून होतं.

मी खिडकी लावून घेतली आणि पलंगावर बसून तोंडावर उशी दाबली, हसू बाहेर जाऊ नये म्हणून. मग हसू थांबलं आणि मी शांतपणे विचार केला. या वायरींतून पाच व्होल्टच जातात. कुणाला झटका बसणार नाही, कन्सोल जळणार नाही. फक्त बटणं चालणार नाहीत. वायरी जमिनीत गेल्या तर बोर्डाकडे परत काहीच येणार नाही. टीव्ही लागेल, चित्र दिसेल, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर दादा बटणं दाबत राहील.

एक वाक्य सांगितलं असतं तर काम झालं असतं. ते मी सांगायचं नाही असं ठरवलं. इतका नीट निर्णय मी त्याआधी कधी घेतला नव्हता.

खड्डा कमरेएवढा झाला. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, खडं मीठ. मीठ आणायला मोठी आई दोनदा दुकानात गेली. मग खड्ड्यात पाणी. तिचा गुडघा दुखतो, बादली घेऊन चालताना ती एका बाजूला झुकते. ते मला बघवलं नाही. मी खाली उतरले, तिच्या हातातली बादली घेतली आणि खड्ड्यात ओतली. मग दुसरी ओतली, तिसरी ओतली.

"बघ," दादा म्हणाला, "आता कशी लाइनीवर आली मॅडम."

मी मान खाली घातली. चौथी बादली आणायला गेले.

"आता रात्रभर भिजू दे," तो म्हणाला. "सकाळी जोडतो." मला हीच भीती होती, की तो आधी जोडून बघेल. पण घराचं अर्थिंग तो पाणी मुरल्याशिवाय कधीच जोडत नाही, आणि हेही त्यानं तसंच केलं. रविवारी सकाळी पाहुणे यायला लागले तेव्हा तो बटणांच्या उरलेल्या वायरी जोडलेली हिरवी वायर पेटीच्या मागून काढून, दाराच्या चौकटीवरून खिळे मारत खड्ड्यापर्यंत नेत होता.

उद्घाटनाला सगळे पांढऱ्या कपड्यांत. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, पंचशील झालं. मीही हात जोडून म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना मी दादाच्या पाठीकडे बघत होते. मी काही खोटं बोलले नव्हते. मी बोललेच नव्हते.

"आईच्या हातानं सुरू करू," दादा म्हणाला.

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. माझ्या मनात तो उभा होता, त्याचं बोट होतं, त्याचं पडलेलं तोंड होतं. मोठ्या आईनं पदर सावरला, पुढे झाली आणि लाल बटणावर बोट ठेवून दाबलं. पडद्यावर माझा गेम सुरू व्हायची वाट बघत लुकलुकत होता.

काही झालं नाही.

तिनं परत दाबलं, अंगठ्यानं दाबलं.

"जोरात, आई."

"दाबायलेच की." ती कसनुसं हसली. "माझंच चुकायलंय. आमाला कुठलं येतंय रे हे, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

"तुझं न्हाई, अर्थिंग सुकलंय," म्हणत दादा बादली घेऊन मागं पळाला. खड्ड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

"बघा आता," तो ओरडला. मोठ्या आईनं दाबलं. काही नाही. त्यानं आणखी एक बादली ओतली.

"काय रे," पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, "मशीन हाय का म्हैस? किती पाणी पाजायलास तिला?"

खोलीभर हसू फुटलं. दादा दारात आला, गुडघ्यापर्यंत चिखल, नव्या पांढऱ्या शर्टावर शिंतोडे. त्याचे कान लाल झाले होते. मला हवं होतं ते अगदी हेच होतं. मी ते डोळे भरून बघितलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

पण मोठी आई अजून मशीनपाशीच होती. आपलं बोट पदराला पुसत होती, घामामुळे होत नसेल असं वाटून.

मी भिंतीपासून निघाले. पाहुण्यांमधून वाट काढत पेटीच्या मागे गेले. कुलूप अजून लावायचं होतं. फळी सरकवली. वीज, टीव्ही, बोर्ड, तीन वायरी. एकेक काढली. कन्सोल गरम होता. तो ओढणीत गुंडाळला आणि छातीशी धरला. टीव्ही काळा झाला.

"ए, काय करायलीस?" दादा म्हणाला. "कुठं न्यायलीस ते?"

हसणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते, बारशात बघायचे तसे. पप्पाही.

"मोठी आई, तुझं बोट बरोबर होतं," मी म्हणाले. मग दादाकडे वळले.

"एकोणऐंशी म्हणजे सत्तर आणि नऊ, दादा. आणि ग्राउंड म्हणजे जमीन नाही."