काय सोडून?

तात्यांना काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय सोडून?" रविवारी लोणावळ्याला चाललोय म्हटलं, काय सोडून? मुलीला इंजिनिअरिंगला घातलं, काय सोडून? एकदा साहेब कौतुकाने नव्या मशीनबद्दल सांगायला लागले, तर त्यांनाही तेच विचारलं. चाकणच्या आमच्या कंपनीत त्यामुळे त्यांचं नाव 'सोडूनतात्या' पडलं होतं, आणि ते या नावालाही ओ देत.

तात्या निघोज्याचे. वीस वर्षं आमच्या टूल रूममध्ये गेज बनवत होते. गाडीचा तयार भाग ज्यात बसवून माप बरोबर आहे का ते बघतात, तो लोखंडी सापळा म्हणजे गेज. त्यावर डोळे मिटून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, "हितं केसभर जादा हाय." मी ट्रेनी होते तेव्हा ते मोजून बघायचं काम माझ्याकडे असे. तात्या चुकलेत असं एकदाही निघालं नाही. मला ते 'पोरी' म्हणत.

एकदा पॅकिंगला माणसं कमी पडली म्हणून तात्यांना तिकडे धाडलं. त्यांनी दिवसभरात इतरांच्या दुप्पट खोकी बांधली. पॅकिंगचा सुपरवायझर खूश. "तात्या, इथंच राहा की राव!" तात्या म्हणाले, "तुज्या गड्यांच्या दुप्पट खोकी बांधतो, कबूल. पण गेज करायचं म्हटलं तर त्यांच्या धापट करतो. मग मी हितं हुभा ऱ्हायचं ते काय सोडून?" निरपेक्ष लाभ आणि तुलनात्मक लाभ हे अर्थशास्त्रातले शब्द मी कॉलेजात घोकून पास झाले होते. त्यांचा अर्थ मला त्या दिवशी खोक्यांच्या ढिगाशेजारी कळला.

कळला असं मी म्हणते, पण पुढे मी काय केलं ते सांगायलाच हवं. माझी बदली खरेदी विभागात झाली. टूल रूमची तुलना कोरियातल्या एका कंपनीशी करा, असं साहेबांनी सांगितलं. मी कागद तयार केला. मोठा साचा करायला त्यांना वीस दिवस, आपल्याला साठ. गेज करायला त्यांना दहा, आपल्याला पंधरा. दोन्हीत आपण मागे. खाली मी लिहिलं, टूल रूम बंद करावी. रंगीत रकाने वगैरे करून लिहिलं. आज त्या रंगांची लाज वाटते.

मीटिंगला तात्यांनाही बोलावलं होतं. त्यांनी कागद नीट वाचला. "साचं तिकडनं आणा, माजी ना न्हाई. एका साच्यापायी त्यांची दोनच गेजं बुडत्यात, आपली चार. पण गेजं हितंच करा. एका गेजापायी त्यांचा अर्धा साचा बुडतो, आपला पावच. त्यांनी साचं करावं, आपण गेजं करावी, अदलाबदल करावी. दोगांचंबी भलंच हाय."

"पण तात्या, ते दोन्हीत आपल्या पुढे आहेत ना?" साहेब म्हणाले.

"असूंद्या की! दिवस त्यांच्याकडंबी मोजकंच हायेत." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, ह्या कागदावर 'काय सोडून' ते कुठं लिवलंय?"

मॅडम! त्या दिवसापासून मी त्यांची पोरी राहिले नाही.

टूल रूम बंद झाली. जे ज्याला उत्तम जमतं ते त्यानं करावं, असं निरोपाच्या भाषणात साहेबांनी वर सांगितलं. मला अजून संताप येतो तो याच वाक्याचा. पुस्तकात लिहिलंय की एका कामातून सुटलेले हात जास्त जमणाऱ्या कामाला लागतात. तिथपर्यंत त्यांना कोण घेऊन जाणार, हे कुठल्याच पुस्तकाने मला सांगितलं नव्हतं. बाकीच्यांना घरी पाठवलं आणि तात्यांना, मोठी मेहेरबानी म्हणून, पॅकिंगला. तिथे अर्थातच ते पहिले आले. 'महिन्याचा उत्कृष्ट कामगार' म्हणून त्यांचा फोटो फळ्यावर लागला, एकदा नाही, तीनदा. केसभर फरक ओळखणाऱ्या माणसाचं आम्ही खोक्यांना टेप चिकटवण्याबद्दल कौतुक करत होतो, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

दोन वर्षांनी कोरियाहून आलेल्या एका गेजात आमचा एकही भाग बसेना. चूक कुठे आहे ते कुणाला सापडेना, लाइन थांबली. तेव्हा साहेबांना आठवण झाली. "तात्यांना विचारा."

गेज घेऊन मी पॅकिंगच्या टेबलापाशी गेले. तात्यांनी हातातली टेप खाली ठेवली. अंगठा पँटला पुसला, डोळे मिटले, गेजवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग डावा अंगठा फिरवून बघितला. खोकी बांधून बांधून दोन्ही अंगठ्यांना घट्टे पडले होते.

"न्हाई लागत, पोरी," ते म्हणाले.

"परत हात बसेल, तात्या. मी साहेबांशी बोलते."

"बसायला वीस वरसं लागली व्हती. माजी नोकरी ऱ्हायली आठ म्हैनं." गेज त्यांनी जपून, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं आणि पुढचं खोकं ओढलं.

मी वर जाऊन साहेबांना सांगितलं. ते क्षणभर चुकचुकले. मग म्हणाले, "असो. पण पॅकिंगमध्ये मात्र माणूस एक नंबर आहे हं!"

"काय सोडून?" मी विचारलं.

साहेबांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला.