यादी भिंतीपलीकडं नेताना

साखर कारखान्याच्या कचेरीत दोन कॉम्प्युटर होते आणि दोहोंमध्ये एक दगडी भिंत होती. जुना माझ्या टेबलावर, शेतकी खात्यात. नवा पलीकडच्या खोलीत, मोठ्या प्रिंटरशेजारी. जुन्यातली यादी नव्यात न्यायची, एवढंच काम होतं. तुम्ही नातवंडं फोनवर बोट फिरवून मला तिकडचे फोटो पाठवता, म्हणून त्या एका दिवसाचं सविस्तर लिहिते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जिल्हा तेव्हा उस्मानाबाद. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि उभा ऊस पाण्यावाचून वाळत होता. अशा वर्षी कुणाचा ऊस आधी तोडायचा, हा एकच प्रश्न असतो. नियम सरळ होता. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी आधी, त्याची तोड आधी. पण नियम वहीत असायचा आणि तोडणीची टोळी वजनदार माणसाच्या शेतात. त्या साली चेअरमननी जाहीर केलं, की क्रम कॉम्प्युटर लावेल आणि ती यादी दसऱ्याला, बॉयलर पेटवताना, दुपारी चारला बोर्डावर लागेल. चार महिने मी गावोगावच्या वह्यांतून प्रत्येक सभासदाची लागणीची तारीख टाइप केली होती. क्रम लावणारा प्रोग्रॅम मात्र नव्या यंत्रावरच चालायचा, म्हणून यादी फ्लॉपीच्या पातळ चकतीवर उतरवून तिकडं न्यायची होती.

एका संचालकांना हे रुचलं नव्हतं. ते येता-जाता माझ्या दारात थांबत.

"काय बाई, चालतंय का मशीन? न्हाय चाललं तर घाबरू नका. आमची यादी तयार हाय." आणि सदऱ्याच्या खिशावर थाप मारत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी पान्यापासून वजनकाट्यापर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. आमच्या घरात वडिलांनी बौद्ध दीक्षा घेतल्यापासून हे काही नव्हतं, पण कचेरीत मी कधी आडवी आले नाही. हेडक्लार्क हळद-कुंकवाचं ताट घेऊन माझ्यापाशी आले.

"बाई, तुमच्या मशीनला लावू ना?"

"लावा," मी म्हणाले. नको म्हटलं असतं तर महिनाभर तोच विषय झाला असता.

त्यांनी कॉम्प्युटरला बोट लावलं, मग फ्लॉप्यांकडं पाहिलं. "पाकिटाला कुंकू लावून काय उपयोग? हत्यार बाहेर काढा की."

यादीच्या दोन्ही प्रती मी माझ्या हातानं पाकिटातून काढून मांडल्या. फ्लॉपीची चकती जिथं उघडी असते त्या लांबट खिडकीला बोटसुद्धा लावू नका, असं सगळ्यांना बजावणारी मीच. त्यांनी चिमटीनं हळद-कुंकू वाहिलं. ते गेल्यावर मी फुंकर मारली आणि फ्लॉप्या पाकिटात सरकवल्या.

दसऱ्याला सकाळी शेवटच्या दुरुस्त्या करून मी एक प्रत जुन्या यंत्रात घातली. आतून खरवडल्यासारखा आवाज आला. कोरी फ्लॉपी घालून पाहिली. ती काहीच न घेता परत आली आणि तिच्या चकतीवर एक लाल गोल रेघ उमटली होती. दुसरी प्रत नव्या यंत्रात घालायची माझी हिंमत झाली नाही. ते यंत्रही गेलं असतं तर दिवस तिथंच संपला असता. यादी जुन्याच्या पोटात शाबूत होती, फक्त तिला बाहेर यायला वाट नव्हती.

सोलापूरच्या इंजिनिअरला ट्रंककॉल लावला. तो लागायला तास गेला.

"मॅडम, आज गाड्या सगळ्या तुळजापूरच्या गर्दीत. संध्याकाळच्या आत पोचत नाही मी. ड्राइव्ह उघडू नका, आतलं वाचणारं हेड हललं तर कायमचं जाईल. मागच्या वेळी दोन कनेक्टर ठेवून गेलोय बघा, दोन्ही मशीन तारेनं जोडायचे. वायरमन आहे का?"

त्यानं कनेक्टरच्या पिनांचे आकडे सांगितले आणि मी लिहून घेतले. दोनची तार तीनला, तीनची दोनला, सात सातला, चार-पाच एकमेकांना, सहा, आठ, वीस एकमेकांना. तीनदा वाचून दाखवले.

कारखान्याचे वायरमन सास्तूर गावचे, चाळिशीचे. त्यांच्या आईच्या नावावर एक एकर ऊस होता आणि तिचं नाव यादीत होतं. चार महिन्यांत त्यांनी मला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. काट्याजवळ बंद पडलेल्या टेलिफोनची तार त्यांनी काढून आणली आणि ती कनेक्टरला डाग देऊन जोडायला बसले. मध्येच ती लाल रेघेची फ्लॉपी उचलून उजेडात धरली.

"बाई, हे तर कुंकू हाय."

"व्हय."

"सांगायचं न्हाय का कुणाला?"

"आज नको."

सांगितलं असतं तर यादी बाजूला राहिली असती आणि पूजेला नावं ठेवणारी म्हणून माझाच निवाडा झाला असता. तेवढ्यात संचालक दारात आले.

"बिघडलं म्हणं. कशानं?"

मी तोंड उघडायच्या आत वायरमन मान वर न करता म्हणाले, "धुळीनं, साहेब. दुष्काळाची धूळ लई बारीक."

मी आकड्यांचा कागद वायरमनपुढं सरकवला.

तार झरोक्यातून पलीकडं गेली तेव्हा बारा वाजले होते. वीज रोज तीनला जायची. पहिल्यांदा यादी भरभर पाठवली, तर पलीकडं निम्मी अक्षरं गळाली. मग वेग अगदी कमी केला. आता तासाहून जास्त लागणार होतं आणि तोवर दोन्ही पडद्यांवर काही दिसणार नव्हतं. वायरमन दारात पाय पसरून बसले, कुणी तारेला अडखळू नये म्हणून. संचालक दोनदा येऊन गेले.

"अजून जातीच हाय का यादी? चालत गेली असती तर पोचली असती."

"पोचंल की, साहेब," वायरमन म्हणाले. "तुमी जरा तारेवरनं पाय काढा."

पावणेदोनला यादी पाठवून संपली. ओळी मोजल्या तर तीन कमी. माझ्या वहीत गाववार बेरजा होत्या, म्हणून कोणत्या गावची ओळ गळाली ते शोधता आलं. पहिल्या दोन सापडल्या. तिसरी संचालकांची स्वतःची होती.

ती तशीच राहिली असती तर त्यांना पाळीच मिळाली नसती, आणि दोष तारेवर गेला असता. मी पडद्याकडं थोडा वेळ नुसतीच पाहत बसले, हे तुमच्यापासून लपवत नाही. मग तिन्ही ओळी टाइप केल्या, वहीशी ताडून पाहिल्या आणि प्रोग्रॅम चालू केला. शेवटचं पान प्रिंटरमधून फाडून घेतल्यावर पाच-सात मिनिटांत वीज गेली.

चारला चेअरमननी प्रत्येक पानावर सही केली आणि यादी बोर्डावर लागली. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून बोटं फिरवत आपापलं नाव हुडकत होती. संचालकांनी पहिली चार पानं पाहिली आणि माझ्याकडं वळले.

"आमचं नाव कुठंय?"

"नवव्या पानावर. तुमची लागण उशिराची आहे."

"तवर वाळून जाईल की हो ऊस."

"सगळ्यांचाच वाळतोय, साहेब."

त्यांचा हात खिशाकडं गेला, पण सह्या झालेल्या पानांपुढं त्यांनी तो कागद काढला नाही.

वायरमनच्या आईचं नाव दुसऱ्या पानावर होतं. पंधरवड्याच्या आतच टोळी तिच्या शेतात उतरली. बुडखा पिवळा पडला होता, पण वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, अजून हिरवं होतं, असं त्यांनी मला येऊन सांगितलं.