तालीम बंद करायला लावणारे हसनचाचा

ज्या वस्तादांनी मला तालमीतून हाकललं, ते आज सकाळी गेले.

आगरदांड्याचे हसनचाचा. वय शहाण्णव.

साठच्या दशकातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा. जत्रेच्या कुस्तीला पंधरा दिवस उरलेले. समोर अलिबागकडचा नावाजलेला पैलवान.

मी पिसाटलो होतो. सकाळी हजार बैठका, पाचशे जोर. संध्याकाळी पुन्हा तेवढंच.

चाचा दिवसभर खाडीपलीकडच्या दिघीला जाणारी होडी चालवायचे. तालमीत बोलणं कमी. सकाळी एकेकाची नाडी बघायचे, बस्स.

एक दिवस माझं मनगट सोडेचनात.

"झोप लागते?"
"न्हाय."
"भूक?"
"न्हाय."
"घरात आईवर ओरडतोस?"
हे यांना कुणी सांगितलं?
"आजपासून तालीम बंद."
"चाचा, जत्रा पंधरा दिवसांवर आलीय!"
"म्हणूनच."

आज जिममध्ये याला ओव्हरट्रेनिंग म्हणतात. चौथी शिकलेल्या चाचांना तो शब्द ठाऊक नव्हता. त्यांच्या बोटांना सगळं ठाऊक होतं.

मी ऐकलं नाही. पोफळीच्या वाडीत लपून पाचशे बैठका मारल्या.

दुसऱ्या दिवशी चाचा घरी हजर. नाडी धरली.

"किती मारल्यास?"

खोटं बोलायची हिंमतच झाली नाही.

ओरडले नाहीत. सदरा काढला, उजवा हात वर नेला. तो खांद्याच्या वर जाईना.

"तुझ्याच वयाचा होतो. दुखत होतं, तरी जोर मारत राहिलो. मला थांबवणारं कुणी नव्हतं रे."

इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. डाव दाखवताना ते डावाच हात का पुढे करतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग थांबलो. खरोखरच.

चार दिवस नुसता झोपलो. पाचव्या दिवशी तिसरी भाकरी मागितली, तर आई रडायलाच लागली. दहाव्या दिवशी चाचा म्हणाले, "चल, आता हलकं हलकं सुरू कर."

जत्रेत कुस्ती अर्धा तास चालली. समोरच्याचे पाय थरथरायला लागले, आणि माझ्यात अजून दम होता! हे अंग माझंच का, असं वाटत होतं. शेवटी त्याला चीत केला.

लोकांनी खांद्यावर घेतलं. मी वरून चाचांना शोधत होतो.

ते केव्हाच धक्क्यावर परतले होते. पलीकडे जाणारे उतारू खोळंबले होते म्हणे.

हसनचाचा, अल्लाह तुम्हाला जन्नत देवो.
तुमच्या शागिर्दाचा शेवटचा सलाम.