दोन कुलपांची पेटी

लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं जोडीनं काम करतात. एक वर, मशीनच्या खोलीत. दुसरा खाली, लिफ्टच्या खड्ड्यात. या गोष्टीतल्या दोघांची वाटणी सव्वीस वर्षं इतकी पक्की राहिली, की त्यांची खरी नावं पगाराच्या यादीपुरतीच उरली. चार महिन्यांनी मोठा तो वरचा, धाकटा तो खालचा. ही हकीकत खालच्याची.

कामाला हात घालण्याआधी मेन स्विचवर दोघांनी आपापलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपापल्या खिशात टाकायची, हा नियम. दोन्ही कुलपं निघाल्याशिवाय वीज सुरू होत नाही, आणि खड्ड्यात असलेल्याच्या डोक्यावर लिफ्ट येत नाही. आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. साहेबानं मागितली तरी नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात. बाकीचं तो हळूहळू शिकतो.

बेटाचं खूळ वरच्याचं. एका दंतवैद्याच्या इमारतीत काम चालू असताना बाहेरच्या बाकावर त्याला जुनं मासिक सापडलं. त्यात ग्रीसमधल्या एका बेटाचा फोटो होता. विमानतळ नाही, बोट आठवड्यातून दोनदा, आणि एकही घर दोन मजल्यांहून उंच नाही. त्यानं पान फाडून खिशात घातलं.

"दोन मजले म्हणजे लिफ्ट नाही," तो खालच्याला म्हणाला. "म्हणजे आपल्याला तिथे कुणी हाक मारणार नाही."

तेव्हापासून सहा वर्षं जेवणाच्या सुट्टीत बेटाशिवाय विषय नव्हता. नकाशा आला, बोटींचं वेळापत्रक आलं, खोली भाड्यानं देणाऱ्या तिथल्या बाईंशी पत्रव्यवहार सुरू झाला. खालचा निवृत्त झाला की त्याच महिन्यात निघायचं, असं ठरलं. खालच्याच्या घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ज्या पातेल्यात शिजवायचा त्यातच जेवायचा. तेवढंच एक भांडं घासायला. बेटाचे कागद तुझ्या घरी ठेव, असं त्यानं एकदा वरच्याला सुचवलं, तर वरच्यानं ते वर्कशॉपमधल्या हत्यारांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत टाकले आणि तिच्या कडीला आपलं, कामाच्याच किल्लीनं उघडणारं जादा कुलूप लावलं. शेजारी खालच्याला त्याचं लावायला लावलं.

"नाहीतर पळशील एकटाच."

"मी? मला मंडईतून बाहेर पडायची वाट सापडत नाही."

"म्हणूनच म्हणतो. तुला शोधायला पुन्हा मलाच यावं लागेल."

गेल्या हिवाळ्यात वरच्याला झटका आला. उजवी बाजू गेली, शब्दही बहुतेक गेले. मुलीनं त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी नेलं. कंपनीनं खालच्याला नवा जोडीदार दिला. तो वर असतो, चांगला माणूस आहे, पण कानात गाणी लावून बसतो.

पेटी तशीच राहिली. पेटीच्या वर भिंतीला असलेल्या फळीवर कटर होता. कुलूप तुटायला अर्धं मिनिट पुरलं असतं. खालच्यानं कटरला हात लावला नाही. खोली राखून ठेवतानाचा अर्जही त्यानं बदलला नव्हता. कामाच्या चिठ्ठीवर जन्मभर लिहीत आला तसंच त्यात लिहिलेलं होतं: माणसं, दोन.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना बाईंचं पत्र आलं. कोणत्या बोटीनं येणार, आणि दोघंही नक्की का? शुक्रवारपर्यंत कळवावं, खोलीला दुसरं गिऱ्हाईक आहे. बोटीचा कागद पेटीत होता.

गुरुवारी तो वरच्याकडे गेला. वरचा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर टॉवेल. मुलीनं चहा आणला, "काका, बसा," म्हणाली, आणि बाबा आज बरे आहेत असंही म्हणाली. ते ती दर वेळी म्हणायची. खालच्यानं पत्रातला मजकूर सांगितला. मग चहा संपवून कप ट्रेमध्ये ठेवला.

"नको म्हणून कळवतो," तो शेवटी म्हणाला. "एकट्यानं जाऊन करायचं काय."

वरच्यानं डावा हात सदऱ्यात घातला. गळ्यातल्या दोरीला किल्ली होती. आंघोळीलाही काढू देत नाहीत, असं मुलगी म्हणायची. दोरी डोक्यावरून काढायला त्याला बराच वेळ लागला. ती कानाला अडकली. मुलगी पुढे झाली, तशी त्यानं तिच्याकडे अशी नजर टाकली की ती जागीच थांबली. किल्ली त्यानं चहाच्या ट्रेमध्ये ठेवली आणि बोटानं खालच्याकडे सरकवली.

सव्वीस वर्षांत त्यानं ती कुणाला दिली नव्हती. खालच्यानं तिला लगेच हात लावला नाही.

"पळ," वरचा म्हणाला. एवढा एक शब्द, तोही वाकडा.

शुक्रवारी सकाळी नवा जोडीदार यायच्या आत खालच्यानं पेटी उघडली. आधी वरच्याचं कुलूप, मग आपलं. वेळापत्रक दोन वर्षांपूर्वीचं निघालं. त्यावरची बोट आता असेल की नाही, हे नव्यानं विचारावं लागणार होतं. खोलीच्या फोटोवर वरच्यानं पेन्सिलीनं एका पलंगाभोवती गोल काढून लिहिलं होतं: खिडकीकडचा माझा.

कागद पिशवीत घालून त्यानं रिकाम्या पेटीला दोन्ही कुलपं पुन्हा लावली. दोन्ही किल्ल्या आता त्याच्याच खिशात होत्या, आणि चालताना वाजत होत्या.

दुपारी त्यानं बाईंना कळवलं. माणूस एक. पलंग दोन्ही राहू द्यावेत, आपण भिंतीकडच्यावर झोपू.