दाराजवळच्या खुर्च्या

माझे वडील वसईत पत्रकं काढायचे. ती दुमडतच मी मोठी झाले. अन्याय दिसला की आधी लिहायचं, ही सवय कतारमध्ये, दोह्यात नोकरीला आल्यावरही सुटली नाही.

दर शुक्रवारी अल सद्दमधल्या एका मावशींच्या फ्लॅटवर आम्हा वसईच्या ख्रिस्ती मंडळींची रोजरी, म्हणजे माळेची प्रार्थना, व्हायची. ऑफिसवाली कुटुंबं पुढे सोफ्यावर, नजमा भागातल्या बॅचलर खोल्यांत राहणारे चार कामगार दाराजवळ. दुसरं कोणी तिथे बसू लागलं की मावशी म्हणायच्या, "अरे, त्या खुर्च्या त्यांच्या!"

तेव्हा मी सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या खेड्यांविषयी एक पुस्तक वाचत होते. तिथे चर्चमधली बाकंसुद्धा मानाप्रमाणे वाटलेली: जमीनदार पुढे, मजूर मागे. माझं डोकं तापलं. 'चारशे वर्षांनंतरही तेच' असं पत्रक लिहून मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. मावशींचं नाव घेतलं नव्हतं, पण फ्लॅट एकच होता.

पुढच्या शुक्रवारी माळ सुरू होण्याआधी मावशी सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "माझ्या घरात कुणाला कमी लेखलं गेलं असेल, तर क्षमा करा."

चौघांतला वयस्कर सुतार उठला. "मावशी, बसा हो. दाराशी जागा आम्हीच मागितली. खाली कामाच्या पाळीची बस आली की मध्येच पळावं लागतं. काय लोकांच्या पायांवरून उड्या मारत जायचं?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, एवढं आमच्यासाठी लिहिलंस, एकदा आम्हाला विचारायचंस तरी!"

कोणीतरी हसलं. मी मान खाली घातली.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट होती, ती मी पत्रकात घेतली नव्हती. त्या खेड्यांत चर्चचे कारभारी शेजाऱ्यांच्या चुका धर्मन्यायालयाला लिहून कळवायचे. मग दोषी माणसाला पांढरी चादर पांघरून भर प्रार्थनेत उभं राहावं लागायचं. वाचताना मला त्या कारभाऱ्यांचा किती संताप आला होता!

सुतार बोलला तेव्हाच मी सगळ्यांसमोर उठून चूक कबूल करायला हवी होती. घरी जाऊन माफी लिहिली, तीही फक्त मावशींना. उत्तर आलं, "खलास बाळा, विसर." पण त्यांनी रोजरीला घर देणं बंद केलं.

आता रोजरी शहराबाहेर, लांब अल वक्र्याला होते. तिथून बसची वेळ गाठता येत नाही, म्हणून ते चौघे येत नाहीत. पहिल्या शुक्रवारी ते दिसले नाहीत तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हे कुणालाच सांगितलेलं नाही.