लवंगीबाईंचा राग

लवंगीबाई आधी आईबापांना झाडायच्या आणि मग बसायला सांगायच्या. दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या दवाखान्यात बाहेर बाकावर थांबलेल्यांना आतलं सगळं ऐकू यायचं. पाटीवर खरं नाव होतं, मुलांच्या डॉक्टर म्हणून. पण गल्लीने लवंगी मिरचीवरून त्यांना लवंगीबाई केलं होतं. "तिखटच आहे मी. सोसत नसेल तर दुसरीकडे जा," म्हणायच्या. कुणी जायचं नाही.

मला सिकलसेल, रक्तपेशी वाकड्या होऊन नसांत अडकायचा आजार. आईबाबांकडून रक्तातूनच आलेला. हातपाय ठणकायचे, आणि शाळेत जायला लागले तरी मी अंथरूण ओलं करायचे. रोज गच्चीवर वाळणारी माझी गादी सगळ्या गल्लीला दिसायची. आईने त्यावर उपाय काढला होता: दिवेलागणीनंतर मला पाणी बंद. माठावरचा पेलाच ती उचलून ठेवायची. मी कोरड्या घशाने झोपायचे आणि गादी तरीही ओली व्हायचीच.

हे ऐकल्यावर लवंगीबाई खुर्चीतून उठल्याच.

"पोरीचं पाणी काहून तोडून राहिली तू?"

"गादी ओली करते जी. लोक हसतात."

"हसू दे! या आजारात किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही. किडनी ओरडून सांगून राहिली की माझ्याकडे पहा, अन् तू पोरीला तहानेनं मारून राहिली? पाणी कमी पडलं की रक्त आणखी अडतं!"

आई रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं, पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. "पी. पूर्ण." मी घटाघटा प्यायले. तसं गोड पाणी पुन्हा कधी प्यायले नाही.

बाबा फॅक्टरीत होते. ओळख काढून त्यांनी मला एका मोठ्या रुग्णालयात दाखवलं होतं. तिथले मोठे डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टातला किडनीचा आकडा पाहून म्हणाले होते, "क्रिएटिनिन नॉर्मल है. बच्ची बिलकुल ठीक है." बाबांनी हे सांगताच बाईंनी टेबलावर हात आपटला. "क्रिएटिनिन वाढेल तेव्हा किडनी कितीतरी गेलेली असेल! तोवर काय वाट पाहायची?" त्यांना सकाळची पहिली लघवी हवी होती, साध्या तपासणीत न दिसणारं थोडंसं प्रोटीनही पकडायचं होतं. त्या वेळी नमुना नागपूरला पाठवावा लागे. बाबा कुरकुरले, "इतकीशी पोर, तिला कशाला हे सगळं?"

"इतकीशी आहे म्हणूनच. मोठी झाल्यावर काय वाचवू?"

प्रोटीन निघालं. पुन्हा तपासलं, पुन्हा निघालं. बाईंनी किडनीवरचा दाब उतरवायला रक्तदाबाची बारीक गोळी सुरू केली. बाबा कमानिया गेटच्या दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणायचे, त्या बाईंनी आमच्यासमोर कचऱ्यात टाकल्या. "मला विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत. किडनी खातात."

पुढे माझं प्रोटीन उतरलं तेव्हा त्या हसल्या, असं लिहायला आवडलं असतं. हसल्या नाहीत. जवळच्या पनागरचा, सिकलसेलचाच एक मिसरूड फुटलेला मुलगा किडन्या निकामी होऊन तोंड सुजल्यावर त्यांच्याकडे आला होता. तो वाचला नाही. "त्याची लघवी लहानपणी कुणी तपासलीच नाही," एवढंच म्हणायच्या आणि पुढच्या आईबापांवर तुटून पडायच्या.

लवंगीबाई गेल्या, तेव्हा शोकसभेत तेच मोठे डॉक्टर बोलायला उठले. आता निवृत्त झालेले. "थोड़ी गुस्सैल थीं, पर दिल की साफ़ थीं." लोकांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. राग बाजूला काढला की खाली चांगली बाई सापडणार होती, असं वाटत होतं की काय यांना? त्यांचा रागच चांगला होता. यांच्या गोड बोलण्याने मी मेले असते.

मी उभी राहिले. "चौथीत होते तरी मी अंथरुणात मुतायचे," भरसभेत म्हणाले. "तुम्ही मला ठीक आहे म्हणून घरी पाठवलंत, डॉक्टरसाहेब. त्यांनी आधी पाणी पाजलं, मग तपासलं. माझ्या किडन्या आज चालतात त्या या गुस्सैल बाईमुळे."

मी खाली बसले. शेजारी बसलेल्या आईने मान वर न करता पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मी तो पूर्ण प्यायले.