शेषराव ड्रायव्हरचा जबडा

दातांच्या डॉक्टरकडे किस्से फारसे जमत नाहीत. पेशंटचं तोंड उघडं असतं तोवर त्याला बोलता येत नाही, आणि बोलता येऊ लागलं की तो चप्पल घालून निघालेला असतो. घोरणाऱ्यांचं मात्र तसं नाही. घोरणारा झोपेत असल्यामुळे त्याला स्वतःला काहीच ठाऊक नसतं, म्हणून तो सोबत साक्षीदार घेऊन येतो. आणि साक्षीदार एकदा सुरू झाला की मला हातमोजे घालायलाही सवड देत नाही.

माझा दवाखाना वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर. साल दोन हजारच्या आगेमागे सावंगीच्या दंत महाविद्यालयात एक लेक्चर ऐकून मी घोरण्यावरचं उपकरण शिकून आलो. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन साचे, एकमेकांत अडकवलेले. झोपताना घातले की खालचा जबडा जरासा पुढे राहतो, जीभ मागे पडत नाही आणि घशातली वाट मोकळी राहते. गावात हे करणारा मी एकटाच, त्यामुळे तोऱ्यात होतो. तो तोरा एसटीच्या लोकांनी फार दिवस टिकू दिला नाही.

*

पहिले आले शेषराव ड्रायव्हर. आले म्हणजे आणले गेले. आणणारे त्यांचे कंडक्टर, थूल मास्तर. दोघांची जोडी मुक्कामी गाडीवर असायची. संध्याकाळी गाडी शेवटच्या खेड्यात न्यायची, गाडीतच झोपायचं आणि सकाळी तीच परत आणायची. झोपायचं म्हणजे शेषरावांनी. मास्तर नुसते आडवे व्हायचे.

"मी घोरत नाई," शेषराव खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "मास्तरले झोप लागत नाई, अन् नाव माहं घेऊन राह्यला."

मास्तरांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला आणि कॅसेट लावली. आधी खोल, खरखरीत आवाज. मग एकदम शांत. ती शांतता इतकी लांबली की मी घड्याळाकडे बघायला लागलो. मग एक मोठा हिसका आणि पुन्हा खरखर. बाहेर दाढ काढायला बसलेल्या गुरुजींनी दारातून डोकं आत घातलं, खुर्चीकडे पाहिलं आणि माझा कंपाउंडर बाबाराव याला म्हणाले, "मले तसं आता दुखत नाई." गेले ते गेलेच.

शेषराव मात्र मन लावून ऐकत होते. टेप संपल्यावर ते गंभीरपणे मास्तरांकडे वळले.

"क्लच प्लेट गेली हाये. कोणती गाडी हाये ही?"

*

हसून झाल्यावर मला काळजी वाटली ती त्या शांततेची. घोरणं हा नुसता आवाज असतो, पण मधेच श्वास थांबणं हा आजार. अशा माणसाची रात्री झोप होत नाही आणि मग दिवसा त्याचा डोळा लागतो. शेषरावांचा लागला होता. पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी गाडी वळणावर न वळता सरळ कपाशीत गेली होती. कोणाला खरचटलंही नाही, पण डेपोच्या साहेबांनी त्यांना स्टेअरिंगवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवलं. डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय गाडी मिळणार नव्हती.

"बावीस वर्सं गाडी चालवली," शेषराव म्हणाले, "आता लोकाइले टायम सांगत बसू काय?"

दुसऱ्या दिवशी मी शेषरावांसोबत त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना बोलावून घेतलं. विचारलं, "यांच्या घोरण्यानं तुमची झोप मोडत असेल ना?"

"नाई जी," त्या म्हणाल्या. "घोरून राह्यले तवर मले घोर नाई. आवाज थांबला का मले जाग येते. मंग नाकाखाली बोट धरा लागते. वारा लागला का जीव भांड्यात पडते."

"किती वर्षं चाललंय हे?"

"लहान्या पोराच्या बारशापासून. तो आता बारावीत हाये."

शेषरावांना हे ठाऊकच नव्हतं. ते बायकोकडे बघत राहिले. मी उगाच हात धुतले.

*

माझा नियम एकच. तपासणीशिवाय माप घ्यायचं नाही. शेषराव नागपूरला जाऊन अंगभर वायरी लावून एक रात्र झोपून आले. आजार मधल्या पायरीचा निघाला, म्हणजे माझ्या उपकरणाने भागण्यासारखा. मग मापाला बसवलं.

खालचा जबडा नेमका किती पुढे घ्यायचा, हे अगदी बारीक काम असतं. मी म्हणालो, "हळूहळू पुढे घ्या." ते एकदम पुढे घेत. "थोडं मागे" म्हटलं की पार मागे नेत. चार वेळा मापाचा मसाला वाया गेला. शेवटी थूल मास्तर कोपऱ्यातून उठले, खुर्चीमागे उभे राहिले आणि खुर्चीच्या पाठीवर थाप मारत सुरू झाले.

"येऊ द्या. येऊ द्या. येऊ द्या. जरासं अजून. बस!"

जबडा जिथे हवा तिथे थांबला. त्यानंतर अशा मापाच्या वेळी बाबाराव खुर्चीमागे उभा राहायला लागला, पण त्याला ते कधी जमलं नाही.

*

उपकरण दिल्यावर आठ दिवसांनी शेषराव आले. काही फरक नव्हता. सुमनबाईंचं बोट पूर्वीसारखंच चालू होतं. मी साचे तपासले. बसत होते छान. माप बरोबर होतं. मला काही सुधरेना.

मास्तरांनी खुलासा केला. "डॉक्टरसाहेब, खिडकीपाशी गर्दी होऊन राह्यली. हे तोंडात मशीन घालून बसतात. एक शब्द समजत नाई. आता पाटी घेतली हाये, गाडीचा टायम खडूनं लिहून दाखवतात."

"दिवसा काऊन घातलं?" मी त्यांच्याच भाषेत ओरडलो.

"तुमीच म्हटलं का नाई, झोप येते तवा लावजा म्हून?" शेषराव शांतपणे म्हणाले. "मले झोप दिवसा येते. राती तं मी घोरत असतो."

चूक माझीच होती. तेव्हापासून मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो, 'रात्री अंथरुणावर पडल्यावर', आणि वाचूनही घेतो.

*

रात्री लावायला लागले आणि महिन्याभरात माणूस बदलला. दुपारची पेंग गेली. उपकरण घालून नागपूरला दुसरी तपासणी झाली, ती उत्तम आली. नागपूरचा कागद साहेबांच्या टेबलावर गेला आणि शेषराव पुन्हा स्टेअरिंगवर बसले. सुमनबाई केळझरच्या गणपतीला जाऊन आल्या आणि मला प्रसादाचा अख्खा नारळ देऊन गेल्या. मी तो बाबारावला दाखवून दाखवून फोडला.

हिवाळ्यात मुक्कामाच्या खेड्यातले दोन शेतकरी दवाखान्यात आले. दोघांचेही दात ठणठणीत.

"शेषरावचं घोरणं तुमीच बंद केलं का जी?"

मी कॉलर नीट करत हो म्हणालो.

"गाडी आमच्या वावराले लागून उभी राह्यते. आवाजानं डुकरं हरभऱ्याकडे फिरकत नोहते. आता कळपच्या कळप येऊन राह्यले."

"मग मी काय करू?"

"पीक निघेपर्यंत एक दिवसाआड लावाले सांगा ना त्याले."

मी चक्क नाही म्हणालो. ते तडक डेपोत गेले आणि थूल मास्तरांकडून ती कॅसेट मागून घेऊन गेले, रात्री वावरात वाजवायला. मास्तर सांगतात, हरभरा वाचला.

*

पुढच्या उन्हाळ्यात एके दुपारी सुमनबाई एकट्या आल्या. उपकरणाची एक बाजू सैल झाली होती. शेषराव ड्युटीवर होते, संध्याकाळी मुक्कामाला जाणार होते, त्याआधी दुरुस्त करून हवं होतं. माझ्या खुर्चीत पेशंट होता. मी म्हणालो, बसा पाच मिनिटं. त्या उपकरणाची डबी मांडीवर घेऊन पंख्याखालच्या बाकावर बसल्या.

थोड्या वेळाने बाबाराव आत आला. "साहेब, बाहेर या. घोरणं ऐकू येऊन राह्यलं. डबीतून निघालं का काय?"

सुमनबाई भिंतीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या आणि चांगल्या दणक्यात घोरत होत्या. बाकीचे पेशंट पदर नि रुमाल तोंडावर धरून हसत होते. बाबाराव उठवायला निघाला, त्याला मी थांबवलं. डबी हळूच काढून घेतली, साचा घट्ट केला आणि परत मांडीवर ठेवली. त्या हलल्यासुद्धा नाहीत. तीन वाजले, चार वाजले. मी आवाज न करता दोन दाढा काढल्या.

साडेचारला मुक्कामाची गाडी स्टँडबाहेर आली आणि दवाखान्यासमोर उभी राहिली. शेषराव इंजिन चालू ठेवून डबी घ्यायला आत आले. बायको घोरतेय हे पाहून दारातच थबकले. मग गालात हसले आणि डबी घ्यायला वाकले.

तेवढ्यात सुमनबाईंचा आवाज थांबला.

शेषरावांचा डबीकडे गेलेला हात तसाच राहिला. मग तो वर आला आणि त्यांनी बायकोच्या नाकाखाली बोट धरलं.

बाहेर थूल मास्तरांनी डबल बेल दिली. शेषराव जागचे हलले नाहीत. मास्तरांनी पुन्हा दिली.

"थांब मास्तर जरासा," शेषराव इतक्या हळू म्हणाले, की शेजारी उभ्या असलेल्या मलाच ते जेमतेम ऐकू आलं.